वेन्डेलचा आकडा

शुक्रवारी दुपारी गस लाव्हेल शेडच्या दारात उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, तेव्हाच ऑर्विल हॅग्लंडला कळले की हा काही बंदूक दुरुस्तीला घेऊन आलेला नाही. गस म्हणजे गावचा पोस्टमास्तर. थॉर्न क्रीकच्या नेमबाज क्लबचा अध्यक्षही तोच, कारण ते काम दुसऱ्या कुणालाच नको होते. एरवी हा माणूस चर्चमध्येसुद्धा शेवटच्या क्षणापर्यंत टोपी काढत नसे.

"बस," ऑर्विल म्हणाला. लेथ त्याने चालूच ठेवले.

"बसत नाही. रविवारी क्लबात जेवण आहे, ऑर्विल."

"दर डिसेंबरात असतं."

"हो. तर जेवण झालं की कार्ड काढायचं ठरलंय. वेन्डेलचं." गसने टोपीची कड दोन बोटांत फिरवली. "तुला आधी कानावर घालावं म्हटलं. येऊ नकोस हवं तर. कुणी काही म्हणणार नाही."

ऑर्विलने लेथ बंद केले. शेडमध्ये एकदम शांतता झाली आणि स्टोव्हमधले लाकूड फुटल्याचा आवाज आला.

"डेल्बर्टनं सांगितलं?"

"डेल्बर्ट? तो बिचारा काय सांगतोय. तोच तर म्हणाला, राहू द्या म्हणून. पण नियम आहे ना लेका. डोळा गेला माणसाचा. उद्या कुणी नवखा यायचा, भिंतीवर वाचायचा, भरायचा काडतुसात तेवढी दारू." गसने आवाज खाली आणला, आजाऱ्यापाशी आणतात तसा. "पोराला कुणी दोष देत नाहीये. एकोणीस वर्षांचं पोर. उत्साह असतो त्या वयात. चुकला आकडा. चालायचंच."

ऑर्विलने मान हलवली. बस, एवढेच केले त्याने, मान हलवली. गसने खांद्यावर थोपटले आणि टोपी घालून गेला. चार महिन्यांत ऑर्विलने अशी मान किती वेळा हलवली असेल त्याची गणती नाही, आणि दर वेळी ती त्याला जास्त जड गेली होती.

आता हे कार्ड काय प्रकरण आहे ते सांगायला हवे. आमच्या खोऱ्यातल्या माणसांना एक खोड आहे. दुकानात काचेमागे पेटीच्या पेट्या काडतुसे लावलेली असतात, कुठलीही घ्या, हरीण पडेल. पण नाही. आमच्या माणसाला दुसऱ्याने बनवलेले पुरत नाही. तो लष्कराच्या जुन्या काडतुसाची रिकामी पुंगळी घेणार, तिची मान साच्यात घालून आवळणार, खांदा मागे सरकवणार, तिच्यात स्वतः तोललेली दारू ओतणार, वर बारीक गोळी बसवणार आणि त्या पुंगळीच्या मापाचे घर एखाद्या कोऱ्या नळीत स्वतःच्या हाताने कोरून काढणार. कशासाठी, तर शेजारच्या खोऱ्यातल्या हॅस्केल नावाच्या बंदूकवाल्याच्या गोळीपेक्षा आपली गोळी चार पावले पुढे पळावी म्हणून. अशा घरगुती काडतुसाला रानमांजर म्हणतात, कारण त्याला कुठल्याही कारखान्याने पोसलेले नसते. बायका या नादाला दुसरेही एक नाव देतात, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

रानमांजर तयार झाले की बनवणारा स्वतःच्या हाताने एक कार्ड लिहितो. काडतुसाचे नाव, बनवणाऱ्याचे नाव आणि खाली वरची हद्द, म्हणजे जास्तीत जास्त किती ग्रेन दारू भरायची तो आकडा. ते कार्ड क्लबातल्या स्टोव्हशेजारच्या फळीवर ठोकले जाते. त्या आकड्याच्या पुढे कुणी जात नाही आणि त्या आकड्यावर कुणी शंकाही घेत नाही. तो आकडा म्हणजे बनवणाऱ्याचा शब्द. आणि कार्ड कधी काढावे लागलेच, तर ते सगळ्यांसमोर स्टोव्हमध्ये टाकायचे, म्हणजे पुन्हा कुणी त्यावरून भरणार नाही. ऑर्विलच्या आठवणीत हे दोनदाच झाले होते. त्यातला एक माणूस दुसऱ्या वर्षी गाव सोडून गेला.

काडतुसाला नाव बनवणाऱ्याचेच द्यायचे, हा रिवाज. ऑर्विलने मुलाचे दिले. पंचवीस वेन्डेल. पंचवीस हे गोळीचे माप आणि वेन्डेल हा त्याचा एकुलता एक पोरगा. पन्नास सालच्या हिवाळ्यात दोघांनी मिळून ते बनवले. गोठ्यातले काम आटोपले की बापलेक शेडमध्ये शिरत ते जेवायलाच बाहेर येत. पुंगळ्यांची मान आवळताना पहिल्या चाळीस पुंगळ्या फुकट गेल्या. पोराचा हात बापापेक्षा हलका होता, हे ऑर्विल तेव्हाही कबूल करायचा. वेन्डेल तराजूच्या पारड्यात दारूचा एकेक दाणा चिमटीने टाकायचा, श्वास रोखून. आणि प्रत्येक बार झाडला की लगेच वहीत लिहायचा. वही निळ्या पुठ्ठ्याची होती आणि अक्षर शाळामास्तरसारखे होते.

फेब्रुवारीत तो फौजेत गेला. जायच्या आदल्या आठवड्यात त्याने क्लबात कार्ड ठोकले. वरची हद्द, चोपन्न ग्रेन. सप्टेंबरात कोरियातल्या कुठल्याशा टेकडीवर तो मारला गेला. त्या टेकडीला नाव नव्हते, नुसता नंबर होता. आलेल्या कागदावर तो नंबर होता म्हणून ऑर्विलला तो पाठ झाला. एवढेच दोन आकडे पोराने मागे ठेवले, असे तो एकदा इडाला म्हणाला होता, आणि इडा स्वयंपाकघरातून उठून मागच्या अंगणात निघून गेली होती.

पुढच्या सहा वर्षांत ऑर्विलने त्या मापाच्या नऊ रायफली बनवून दिल्या. प्रत्येक नळीवर छिन्नीने अक्षरे ठोकली, पंचवीस वेन्डेल. लोक मागायला येत, कारण रायफल खरोखर देखणी मारायची. हद्द दोन ग्रेनने उतरव, असे एकदा त्या हॅस्केलनेच पत्र लिहून सुचवले होते. ऑर्विलने ते पत्र वाचून स्टोव्हमध्ये टाकले. पोराने लिहिलेला आकडा तो बदलणार? त्यापेक्षा थडग्यावरचे नाव खोडले असते त्याने.

आणि सहा वर्षे काही झालेही नाही. कारण आमच्याकडे हरणाची शिकार होते नोव्हेंबरात, गुडघाभर बर्फात. पूर्ण चोपन्न भरून भर उन्हाळ्यात ती रायफल झाडायचे कुणाच्या डोक्यात आले नाही. डेल्बर्ट म्यूर याच्या आले. डेल्बर्ट मेंढ्यांचा माणूस, तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या खोऱ्यातून आलेला. नववी रायफल त्याची. ऑगस्टमध्ये लसूणघासाच्या शेतात बिळे करणाऱ्या खारी मारायला तो गाडी घेऊन गेला. काडतुसे गाडीच्या काचेमागे उन्हात तासभर पडून तापली होती, आणि तापलेली दारू जास्त जोराने भडकते. तिसऱ्या बाराला पुंगळीचे बूड फुटले आणि जळता वायू नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या फटीतून सरळ त्याच्या तोंडावर आला. उजवा डोळा जागच्या जागी गेला. डाव्या गालात पितळेचे कण अजून आहेत, दाढी करताना लागतात म्हणतो.

त्या दिवशी ऑर्विल दवाखान्यातून घरी आला, शेडमध्ये गेला आणि निळी वही काढली. त्याला काय शोधायचे होते ते त्याला पक्के ठाऊक होते. सहा वर्षे त्याने ते पान उघडले नव्हते, पण तो दिवस त्याला विसरता आला नव्हता.

जानेवारीचा दिवस होता. पारा नळीच्या तळाशी जाऊन बसलेला. दोघे गोठ्यामागे बर्फात फळकूट टाकून झाडत होते. मिझूलाला एका प्राध्यापकाकडे गोळीचा वेग मोजायचे यंत्र होते, त्याच्याकडे पाठवायला शेवटची काडतुसे ठरवायची होती. हॅस्केलचा वेग ऑर्विलच्या डोक्यात बसला होता. बावन्नला तो जेमतेम गाठला जात होता. चोपन्नला मागे पडला असता.

चोपन्नचा बार झाडून वेन्डेलने बोल्टची मूठ वर उचलली. उचलेना. त्याने तळहाताने ठोकली तेव्हा उचलली.

"पपा, बोल्ट अडतोय."

बंदुकीच्या धंद्यात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. आत दाब फार झाला, पुंगळी फुगून घराला चिकटली, मागे फिरा. ऑर्विलने हे वाक्य गिऱ्हाइकांना शंभरदा ऐकवले असेल.

"थंडीनं ग्रीस घट्ट झालंय," तो म्हणाला. "माझी बोटं वळत नाहीयेत, बोल्ट कुठून वळेल?"

"बावन्नला नाही अडला."

"बावन्न झाडलं तेव्हा रायफल नुकती स्टोव्हजवळून आणली होती. आता दोन तास बर्फात पडलीये. डोकं वापर जरा."

"पेट्रोलनं पुसून परत एक झाडू? दहा मिनिटं लागतील."

"आईनं जेवायला हाक मारली. लिही चोपन्न, आणि चल."

वेन्डेलने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि लिहिले. त्याने काय लिहिले ते बापाने संध्याकाळी वहीत पाहिले होते आणि हसून वही मिटली होती. 'चोपन्न. बोल्ट जड. पपांच्या मते ग्रीस. पुसून पाहिलं नाही.'

पोर असे होते. खोटे लिहीत नसे, आणि बापाला उलटूनही बोलत नसे.

ऑगस्टच्या त्या संध्याकाळी ऑर्विलने ते पान शिवणीपासून अलगद फाडले. ते इतक्या शांतपणे जमले, हे त्याला पुढे फार लागले. स्टोव्ह उन्हाळ्यात थंड होता, तर त्याने काडी ओढून पान स्टोव्हच्या तोंडाशी पेटवले आणि राख आत सरकवली. कशासाठी केले असे त्याला विचारले असते, तर त्याला सांगता आले नसते. डेल्बर्टची बायको दवाखान्यात त्याच्याकडे बघत होती, तिची नजर चुकवण्यासाठी असेल. माणूस भितो तेव्हा फार हुशारीने वागतो.

मग लोक यायला लागले, आणि त्यांनीच त्याला सुटकेची वाट काढून दिली. आकडा पोराने लिहिला, कार्डावर अक्षर पोराचे, पोर देशासाठी गेले. कुणी रागावायचे कुणावर? सगळे ऑर्विलचा दंड दाबत आणि म्हणत, लहान होता रे. आणि ऑर्विल मान हलवी.

पहिल्या महिन्यात त्याला वाटले, निभावेल. मग ऑक्टोबरात तो पेट्रोलपंपावर उभा असताना पंपावरचा माणूस कुणाला तरी ओरडून म्हणाला, "टायरात हवा बेतानं भर रे, नाहीतर वेन्डेलचा आकडा व्हायचा!" आणि चारजण हसले. ऑर्विल दिसल्यावर गप्प झाले. पण आठ दिवसांनी न्हाव्याकडे त्याने तेच ऐकले, उकळून वर आलेल्या कॉफीवरून. नंतर तर शाळेतली पोरे म्हणू लागली, ज्यांनी वेन्डेलला कधी पाहिलेही नव्हते. पोराचे नाव नळीवर कोरले तेव्हा ऑर्विलला वाटले होते, हे आपल्यामागे टिकेल. टिकणार होते खरेच. खोऱ्यात कुणीही बेफिकिरीने काही केले की लोक त्याच्या पोराचे नाव घेणार होते, त्याच्या पोराचे, ज्याने दहा मिनिटे मागितली होती.

इडा काही बोलत नव्हती. वेन्डेलचा वाढदिवस ऑक्टोबरच्या एकविसाव्या तारखेला. दर वर्षी त्या दिवशी ती शेडमधून निळी वही घेऊन जाई आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाची. तिला त्यातले ओ की ठो कळत नसे. अक्षर वाचते, म्हणायची. या वर्षीही नेली. ऑर्विल लेथपाशी पाठ करून उभा राहिला आणि तासभर एकच खिळा घासत बसला. मग ती आली, वही जागेवर ठेवली, म्हणाली, "सूप गार होतंय." त्या रात्रीपासून ती वेन्डेलच्या खोलीत झोपू लागली. ऑर्विल घोरतो म्हणून, असे शेजारणीला सांगितले. पस्तीस वर्षे तो घोरतच होता.

रविवारी ऑर्विलने स्वच्छ शर्ट घातला. इडा म्हणाली, "जातोयस?"

"जातो."

"कशाला?"

"बोलायचंय मला तिथं."

तिने पहिल्यांदाच, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच, त्याच्याकडे नीट पाहिले. मग त्याच्या कोटाचे वरचे बटण लावून दिले.

क्लबात हरणाच्या मांसाचा रस्सा होता, मक्याची भाकर होती, सफरचंदाचे गोड होते. तीस-पस्तीस माणसे, बायका आणि ओल्या लोकरीचा वास. डेल्बर्ट म्यूर डोळ्यावर काळी पट्टी लावून स्टोव्हजवळ बसला होता आणि मेंढ्यांच्या भावावर तावातावाने बोलत होता. ऑर्विलला पाहून त्याने शेजारची खुर्ची पायाने ओढली.

"ये म्हाताऱ्या. डाव्या बाजूला बस, उजवीकडून कुणी माझ्या ताटातलं पळवलं तर मला दिसत नाही."

लोक हसले. ऑर्विल बसला. त्याने ताटाला हात लावला नाही, आणि ते पाहून डेल्बर्टच्या बायकोने त्याला कॉफी आणून दिली. ती त्याने तशीच निवू दिली.

जेवण झाले. गस उठला, घसा साफ केला. वेन्डेलबद्दल तो चांगलेच बोलला. शूर होता, हाताचा कसबी होता, घाई करणारे वय होते. मग तो फळीकडे वळला. कार्ड सहा वर्षांच्या धुराने पिवळे पडले होते, पण अक्षर लांबूनही वाचता येत होते.

"थांब, गस," ऑर्विल म्हणाला.

तो उठून उभा राहिला. त्याला भाषणे येत नसत. खुर्चीची पाठ धरून त्याने सांगितले. बर्फ, बावन्न, चोपन्न. बोल्ट अडला. पोराने सांगितले की अडतोय. पोराने पेट्रोलने पुसून बघू म्हटले. मी म्हटले, ग्रीस आहे. मी म्हटले, लिही.

"आकडा माझाय," तो म्हणाला. "अक्षर त्याचं. आकडा माझा. कार्डावर माझं नाव लिहून मग जाळा. आणि पंपावर जे बोलताय ना, ते माझ्या नावानं बोला."

मागे कुणाच्या तरी हातातला चमचा बशीत वाजला.

"ऑर्विल," गस हळूच म्हणाला, "हे वहीत आहे का कुठं? वेन्डेल सगळं लिहायचा. बोल्ट अडला असता तर त्यानं लिहिलं असतं."

"लिहिलं होतं."

"मग झालं तर. आण वही."

"ते पान मी जाळलं. ऑगस्टमध्ये. डेल्बर्टला दवाखान्यात टाकून आलो त्याच दिवशी."

त्याने वाट पाहिली. आता कुणीतरी उठेल, शिव्या देईल, डेल्बर्ट तोंडावर थुंकेल. तो त्यासाठीच आला होता. पण त्याने चेहऱ्यांवरून नजर फिरवली तेव्हा त्याला दिसले की बायका रुमाल शोधताहेत. पंपावरचा तो माणूस खाली बघत होता. गसचे डोळे भरले होते.

डेल्बर्ट उठला. ऑर्विलपाशी आला आणि त्याने त्याच्या मानेमागे हात टाकला, मेंढीला धरावे तसा घट्ट.

"बस कर रे," तो कानाशी म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेले. "माझा पोरगा असता तर मीही हेच बोललो असतो. शब्दन् शब्द हेच."

"डेल्बर्ट, मी खरं सांगतोय."

"हो. हो. सांगतोयस."

"अरे, तुझा डोळा माझ्यामुळं गेलाय!"

"बरं. माझ्यामुळंच गेला म्हण, मीच उन्हात ठेवली काडतुसं. चल, बस आता."

आणि मग कुणीतरी टाळी वाजवली. का वाजवली देव जाणे, पण एकाने वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. ऑर्विल मध्ये उभा राहिला आणि त्याच्याभोवती टाळ्या वाजत राहिल्या. जन्मात कधी त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. गसने खिळा उपटला, कार्ड हातात घेतले, स्टोव्हकडे पाहिले आणि ते आत न टाकता ऑर्विलच्या कोटाच्या खिशात घातले. असे क्लबात कधीच झाले नव्हते.

"बाप असावा तर असा," तो म्हणाला.

ऑर्विल घरी आला तेव्हा चार वाजले होते आणि उजेड विझायला लागला होता. इडा टेबलाशी बटाटे सोलत होती. त्याने कोट काढला नाही. कार्ड काढून तिच्यासमोर ठेवले. तिने हात पुसले, मग कार्डाकडे पाहिले, हात लावला नाही.

"सांगितलंस?"

"सांगितलं. सगळं." तो समोर बसला. "इडा, बोल्ट अडत होता. त्यानं सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही. आणि वहीत त्यानं लिहिलं होतं, ते पान मी..."

"काय म्हणाले ते?"

"त्यांना पटलं नाही. पोराला वाचवायला बोलतोय, असं वाटलं त्यांना. टाळ्या वाजवल्या." त्याने कार्ड तिच्याकडे आणखी सरकवले. "कुणालाच पटलं नाही, इडा."

"मला पटतं," ती म्हणाली.

तिने एक बटाटा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"ते पान मला पाठ होतं. सहा वर्षं वाचत होते. 'बोल्ट जड. पपांच्या मते ग्रीस.' त्याचा अर्थ मला कळत नव्हता. मग डेल्बर्टचं झालं, आणि वाढदिवसाला वही उघडली तर पान नाही. तेव्हा कळला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते."

बाहेर कोंबड्या खुराड्यात शिरताना भांडत होत्या. ऑर्विलला वाटले, आता एवढेच आहे, यापुढे काही नाही. पण इडा बोलत राहिली, बटाट्यांकडे बघत, हलक्या आवाजात.

"त्या पानाच्या मागं काय होतं, पाहिलंस?"

"मागं?"

"पाहिलं नाहीस. मागं त्यानं यादी केली होती. जायच्या आधी करायची कामं. मागच्या दाराची कडी. पंपाचं चामडं. खुराड्याची जाळी. आईच्या सुऱ्यांना धार. सगळ्यांपुढं बरोबरची खूण होती. शेवटच्या एकापुढं नव्हती."

तिने तेही सांगितले.

"'पपांना सांगणे, पुसून परत पाहिलं. ग्रीस नाही. बावन्नवर या.'"

म्हणजे पोराने ती दहा मिनिटे घेतली होती. एकट्याने, बहुधा कार्ड ठोकून झाल्यावर, बाप नसताना त्या बर्फात जाऊन.

"मला वाटायचं, त्यानं तुला सांगितलं असेल," इडा म्हणाली. "सांगितलं असेल आणि तू नेहमीसारखा हसून उडवलं असशील. दोन महिने मी तेच धरून बसलेय. सांगितलं होतं का त्यानं?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही, इडा. नाही सांगितलं. देवाशपथ."

तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला, आणि तो गेल्यावर जे उरले ते त्याहून वाईट होते.

"मग भ्याला असेल तुला," ती म्हणाली. "रणात जायला निघाला होता, आणि तुला सांगायला भ्याला."

तिने सुरी उचलली आणि बटाटे सोलायला घेतले. ऑर्विल उठला. शेडमध्ये नऊ नळ्यांची घरे कोरणारा तो रीमर होता, निळी वही होती, दोन्हीकडे त्याला जायचे नव्हते, पण या खोलीत बसणेही शक्य नव्हते. मागच्या दाराशी जाऊन त्याने कडीला हात घातला. कडी जरासुद्धा न अडता उघडली. तिला पोराने जायच्या आधी तेल घातले होते, आणि सात हिवाळे ती एकदाही अडली नव्हती.